विमानाच्या नाकाला गुलाल

कराड
मंगळवार, ६ फेब्रुवारी १९९६

विजू,

माझी आधीची पत्रं तू उघडलीस की तशीच कपाटावर टाकलीस, मला ठाऊक नाही. हे मात्र उघड. आज दुपारी आमचं विमान कराडच्या धावपट्टीवरून उसात जाता जाता राहिलं. मी धडधाकट आहे, कुठं खरचटलेलंसुद्धा नाही. उद्या पेपरात काहीबाही छापून येईल, तुमच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी ते मोठ्यानं वाचेल आणि तुझ्या तोंडचं पाणी पळेल. त्याआधी माझ्या हातचं काहीतरी तुझ्यापाशी असावं, म्हणून हे पोस्टात न टाकता सांगलीच्या एसटीतल्या ओळखीच्या कंडक्टरकडे देतोय.

झालं ते असं. पुणे–कराड ही आमच्या कंपनीची पहिली फेरी. येताना सगळं सुरळीत. खाली उतरलो तर हलगी, तुतारी, मांडव, फेटे, कारखान्याचे झाडून सगळे संचालक. धावपट्टीला धड कुंपण नाही, त्यामुळे अर्धा तालुका विमानाला हात लावायला आलेला. आई-आप्पाही आले होते. आईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेलं, आप्पांनी कोट घातलेला. तुला माहीत आहे, सुभेदार आप्पासो मोहिते कोट घालतात तो फक्त लग्नात आणि पंधरा ऑगस्टला. मी परतीच्या उड्डाणाआधीची तपासणीची फेरी मारून घेतली आणि मग त्यांना विमान दाखवायला घेऊन गेलो. उभा जन्म तोफखान्यात गेलेला माणूस, पण लहान पोरासारखे विचारत होते. "ह्ये काय? आन् ह्ये कशापायी?" मग म्हणाले, "तू कंच्या अंगाला बसतोस रं?" मी म्हटलं, "उजव्या." तेवढ्यात फोटोसाठी हाक आली, म्हणून त्यांना तिथंच विमानाच्या नाकापाशी सोडून मी फेटा बांधून घ्यायला गेलो.

परतीला एकोणीसच्या एकोणीस जागा भरलेल्या. आता तुला एवढंच समजून घ्यायला हवं की विमानाच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना बोटाएवढ्या नळ्या असतात. समोरून येणारा वारा त्यांत शिरतो, त्यावरून आम्हाला वेग कळतो. डावी नळी कॅप्टनच्या काट्याला, उजवी माझ्या. धावपट्टीवर पळताना ऐंशीचा वेग झाला की दोघांनी आपापला काटा बघायचा आणि जुळतो का ते सांगायचं. कॅप्टन नाडकर्णी म्हणाले, "ऐंशी." माझा काटा शून्यावर होता. थरथरतसुद्धा नव्हता. खिडकीबाहेर बाभळी सपासप मागे पळताहेत आणि माझा काटा म्हणतोय की आपण उभे आहोत.

कॅप्टननी थांबवलं. ब्रेक लावल्यावर विमान असं हाललं की मला वाटलं, चाकं आता उपसून येतात. थांबलो तेव्हा पुढं थोडा मुरूम आणि त्यापुढं ऊस. तोडणीची माणसं हातात कोयते घेऊन आ वासून उभी होती. आमच्या मागं कुणीतरी संचालक ओरडला, "सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं!" आणि सगळं विमान चांगभलं करायला लागलं. त्यांना वाटलं, पहिल्या फेरीला असंच करतात.

उतरल्यावर आमचा मेकॅनिक सिद्धू नळी बघायला गेला. त्यानं बारीक तार आत घातली, बाहेर काढली आणि नुसता तिच्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "साहेब, ह्यात गुलाल हाय."

गुलाल, विजू! ढगात बर्फ साचू नये म्हणून ती नळी आतून तापते, उड्डाणाआधी आम्हीच ती तापवतो. कुणीतरी ओला गुलाल तोंडाला लावला, आणि आम्ही तो आत विटेसारखा भाजून काढला.

कुणी लावला ते मला कळायला वेळ लागला नाही. म्हसवडच्या सिद्धनाथाचा गुलाल पिशवीत घेऊन हिंडणारी बाई आपल्या घरात एकच आहे. पण अजून मी कुणापाशी तोंड उघडलेलं नाही. समोर भाकरी आली होती, तशीच परत पाठवली.

रेश्माला यातलं काही सांगू नकोस, पोर घाबरेल.

कृष्णात

—

गावाहून
गुरुवार, ८ फेब्रुवारी

विजू,

काल घरी आलो. विमान कराडलाच अडकून पडलंय, सोमवारी विश्रामगृहावर चौकशी आहे, तोवर मला सुट्टी. असली सुट्टी वैऱ्यालाही मिळू नये.

आल्या आल्या, पायातली चप्पलही काढली नव्हती, मी आईवर ओरडलो. आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो तेवढा. म्हटलं, "तुझ्या त्या गुलालानं एकोणीस माणसं मेली असती! मी मेलो असतो! कळतंय का तुला?" आई परातीत पीठ मळत होती. तिचे हात थांबले. तिनं एकदा ओसरीवर बसलेल्या आप्पांकडे बघितलं आणि म्हणाली, "व्हय. म्याच लावला. चुकलं माजं."

एवढंच. रडली नाही, देवाचं नाव काढलं नाही, 'तुझ्याच भल्यापायी केलं' असंही म्हणाली नाही. परत पीठ मळायला लागली. आप्पा ओसरीवरून उठले, काठी घेतली आणि उसाला पाणी द्यायला गेले. एरवी आईच्या देवधर्मावर तोंडसुख घ्यायची संधी ते सोडत नाहीत. 'देव देवळात, सुभेदार बांधावर' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काल मात्र चकार शब्द नाही. मला वाटलं, धक्का बसलाय म्हाताऱ्याला.

धक्का मलाही बसलाय, आणि तो उतरत नाहीये. जेवताना ताटातला घास तोंडाकडे नेतो आणि मधेच तो शून्यावर बसलेला काटा दिसतो.

त्या आखातातल्या विमान कंपनीचं नोकरीचं पत्र अजून माझ्या बॅगेत आहे. एक मार्चच्या आत त्यांना कळवायचं आहे. तू विचारशील म्हणून नाही, पण पुन्हा एकदा मांडून बघतो. इथं राहिलो तर वर्षाच्या आत कॅप्टन. एकोणीस जणांचं विमान, दिवसात चार उड्डाणं, रात्री बहुतेक वेळा आपल्या घरी. कंपनी टिकली तर. गेल्या वर्षी निघालेल्या अशा दोन कंपन्यांची विमानं आत्ता गवतात उभी आहेत. तिकडं गेलो तर पुन्हा को-पायलट, शिकाऊ पोरासारखा, पण मोठं जेट, महासागरावरून जाणारं. महिन्यातली निम्मी झोप हॉटेलात. तिसरी गोष्ट म्हणजे कारखान्याच्या अध्यक्षांना स्वतःचं विमान घ्यायचं आहे, त्यांना कुणीतरी घरचा पायलट हवाय. म्हणजे सभा असेल तिकडं जायचं आणि सभा संपेपर्यंत झाडाखाली बसायचं.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं मी म्हटल्यावर डिसेंबरात तू काय म्हणाली होतीस ते विसरलेलो नाही. "तुम्ही ठरवत नाही, ठरेपर्यंत थांबता." मग रेश्माचे कपडे भरलेस आणि सांगलीला माहेरी गेलीस. तेव्हा मला राग आला होता. आता आला तरी करू काय? सोमवारच्या चौकशीत माझ्यावर ठपका आला तर आखात संपलं. म्हणजे यंदाही माझ्या वतीनं कुणीतरी ठरवलंच म्हणायचं.

कृष्णात

—

कराड
शनिवार, १० फेब्रुवारी

विजू,

आज आमचे चीफ पायलट पुण्याहून आले. मला चहा पाजला, पाठीवर हात ठेवला. एवढा जिव्हाळा म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय हे मी ओळखलं. म्हणाले, "गर्दीतल्या कुणीतरी अडाण्यानं लावला असेल गुलाल. तो कोण हे शोधण्यात अर्थ नाही. पण गर्दी हटल्यावर शेवटची नजर टाकणं हे मेकॅनिकचं काम. त्यानं ते केलं नाही. तुझं तेवढं लेखी दे, सोमवारी सही कर. तुझं रेकॉर्ड कोरं राहील. तुला पुढं कुठं जायचंय ते मला माहीत आहे."

त्यांना माहीत आहे! मी आखाताचं तुझ्याशिवाय कुणाला बोललो नव्हतो. अंगावर काटाच आला.

आता शेवटची नजर कुणाची, हा प्रश्न आहे. कागदावर ती सिद्धूची. रीतीनं ती माझी. समारंभ संपल्यावर मी विमानाभोवती पुन्हा एक फेरी मारायला हवी होती, ती मारली नाही. डोक्याला फेटा होता, लोक हात हातात घेत होते, आणि त्याआधी तपासणी झालीच होती. शिवाय घरच्यांना तिथवर आणलं कुणी? मीच. म्हणजे खरं सांगायचं तर आईचं नाव सांगावं लागेल. मग पेपरात येईल, 'को-पायलटच्या आईनं विमान पाडलं असतं'. ती बाई बाजाराला तोंड कसं दाखवेल? असं मी स्वतःला समजावतोय, आणि खरंही आहे ते. पण कोऱ्या रेकॉर्डचा विचार आधी आला आणि आईचा मागाहून, हेही लिहून टाकतो.

सिद्धूची नोकरी जाईल. संध्याकाळी धावपट्टीवर गेलो तर तो विमानापाशी गोणपाट टाकून बसला होता. मला बघून उठला, म्हणाला, "साहेब, तुमी हाय म्हणून मला घोर न्हाई." हे ऐकून मी काय केलं असेल? सिगारेट दिली आणि निघून आलो.

तू आत्ता काय म्हणशील ते मला ऐकू येतंय. म्हणून तर लिहितोय, समोर येऊन सांगायची छाती नाही. सोमवारी बहुतेक सही करीन.

कृष्णात

—

कराड
सोमवार, १२ फेब्रुवारी

विजू,

हे वाचायला खाली बस.

सकाळी विश्रामगृहाच्या हॉलमध्ये चौकशी सुरू झाली. टेबलापलीकडे चीफसाहेब आणि मुंबईहून आलेले एक अधिकारी, बाजूला कॅप्टन नाडकर्णी. सिद्धूला बाहेर व्हरांड्यात बसवलेलं. माझं लेखी टाइप करून तयार होतं, पेनाचं टोपण मी काढलं होतं. तेवढ्यात दारात शिपायाची कुणाशीतरी बाचाबाची झाली, आणि आप्पा आत आले.

कोट. छातीवर सगळी पदकं. दाढी गुळगुळीत. कडक सलाम ठोकून ते म्हणाले, "सुभेदार आप्पासो मोहिते, रिटायर. साब, रिपोर्ट द्यायला आलोय. इमानाला गुलाल म्या लावला."

मला आधी कळलंच नाही ते काय बोलताहेत. मग वाटलं, आईला वाचवायला खोटं बोलताहेत. मी उठून म्हटलं, "आप्पा, तुम्ही घरी जा." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "बस खाली. तुला कुणी इचारलं न्हाई." आणि मी बसलो! छत्तीस वर्षांचा घोडा, चौकशी समितीसमोर, मुकाट बसलो.

मुंबईच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "का लावलात?"

आप्पा जे बोलले ते जसंच्या तसं लिहितोय. जन्मभर मी त्यांच्या तोंडून एवढं बोलणं ऐकलेलं नाही.

"पोराला परमुलखातनं बोलावणं आलंय. त्यानं सांगितलं न्हाई, पर बायकू पोर घिऊन माहेरी जातीया तवा मानसाला कळतं. म्या म्हसवडला गेलो. घरात कुणाला न सांगता गेलो, कारन जल्मभर देवाची टिंगल केल्याली. सिद्धनाथाला कौल लावला. उजवा पडला तर जाऊ दे, डावा पडला तर नगं. डावा पडला. आता पोराला सांगावं तर त्यो म्हणणार, आप्पा, तुमीच मला इमानात बसीवलं. न सांगावं तर माजा जीव ऱ्हाईना. मग म्हटलं, त्याला आडवू नगं, देवाचं कायतरी संगं असू दे. आमी दसऱ्याला तोफंच्या तोंडाला गुलाल लावायचो, साब. त्या तोफंनं कवा दगा दिला न्हाई. ह्ये नळकांडं बगितलं, वाटलं ह्येच ह्याचं तोंड. पोरगं उजव्या अंगाला बसतंय, म्हणून उजव्या अंगाला लावला. नारळाच्या पाण्यात कालवून."

अधिकारी म्हणाले, "सुभेदारसाहेब, तोफेचं तोंड बुजवायचं नसतं हे तुम्हाला माहीत असणार."

"रंगरूटाला बी ठावं असतं, साब. म्या बुजीवलं न्हाई. आंगठ्यानं नुस्ता टिळा लावला." त्यांनी आपला अंगठा वर करून दाखवला. "पर आंगठा जाड हाय."

चीफसाहेबांना हसू आलं असतं, पण आप्पांनी मान खाली घातली. मी त्यांची मान कधी खाली गेलेली बघितली नव्हती. कशानंच नाही, विजू. थोरला दादा गेला तेव्हासुद्धा नाही.

मग ते म्हणाले, "काल मी हितं इमान बगाय आलो हुतो. मेकॅनिक तितं बसलाय, बायकापोरांचा मानूस. म्हणाला माजी नोकरी जाणार. का, म्हटलं? तर गुलालापायी. माज्या गुलालापायी दुसऱ्याची रोटी जाणार हुयाची न्हाई. काय शिक्षा आसंल ती द्या. पेन्शन बंद करायची तर करा."

एका विमान कंपनीला लष्कराची पेन्शन बंद करता येत नाही, हे त्यांना सांगायला कुणाचंही तोंड उघडलं नाही.

मी ते टाइप केलेलं लेखी फाडलं. फार शूरपणा केला असं समजू नकोस. बाप समोर उभा असताना त्यावर सही करणं मला जमलं नसतं, एवढंच. कोरा कागद मागितला. घरच्यांना विमानापर्यंत मी आणलं, त्यांना तिथं एकटं मी सोडलं, शेवटची फेरी मी मारली नाही, असं लिहून दिलं.

बाहेर व्हरांड्यात आम्ही दोघं बाकावर बसलो. मी म्हटलं, "मला वाटायचं, मी मोठं विमान चालवावं अशी तुमची इच्छा आहे."

"हाय की."

"मग?"

"आन् भ्याव बी वाटतं. दोनी असतंय रं."

"कधीपासून?"

"तू पयल्यांदा गेलास तवापास्नं," ते म्हणाले. "तुजी आई ग्वाड झोपती. म्या छपरावं जाऊन आभाळाकडं बगत बसतो." मग एकदम चिडून म्हणाले, "आन् तिला कशापायी बोललास? तिनं माजं नाव लपीवलं. आल्यावर तिच्या पाया पड."

एसटीत बसवून दिलं त्यांना. खिडकीतून हातसुद्धा हलवला नाही म्हाताऱ्यानं. मी तिथंच स्टँडवर उभा राहून रडलो. लोक बघत होते, बघोत.

कृष्णात

—

गावाहून
सोमवार, २६ फेब्रुवारी

विजू,

आधी घरची बातमी. आईच्या पाया पडलो. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे, तुज्या बापासंगं लगीन झाल्यापास्नं मी ह्येच करतीया."

निकाल लागला. सिद्धूवर काही नाही, तो पुण्याला परत कामावर गेला. मला महिनाभर उड्डाण बंद, आणि कॅप्टनची परीक्षा एक वर्षानं पुढं. आखातातल्या कंपनीला मी स्वतःच सगळं कळवलं होतं. लपवून उपयोग नव्हता, त्यांनी विचारलं असतंच. म्हणजे तो दरवाजा बंद झाला असं मी धरून चाललो होतो.

आणि आता तुला ते सांगतो ज्यानं मी स्वतःच हबकलोय. मला वाटलं होतं, दरवाजा बंद झाला की सुटल्यासारखं होईल. चला, आप्पांच्या अंगठ्यानं ठरवून टाकलं, आता गपगुमान इथंच राहायचं, विजूशी भांडायला कारणच उरलं नाही. तसं झालं नाही. मी उसाच्या बांधावर जाऊन बसलो आणि जेवायची हाक आली तरी उठवेना. कुणीतरी मेल्यासारखं वाटत होतं. इतकी वर्षं मी म्हणत आलो, आप्पांना हवंय म्हणून मी हे करतो. आप्पा तर छपरावर बसून घाबरत होते! मग मोठं विमान हवं होतं कुणाला? मलाच. मलाच, विजू. लाज वाटावी इतकं हवं होतं.

आज त्यांचं उत्तर आलं. या म्हणतात.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. कॅप्टन नाडकर्णींना त्यांनी फोन करून विचारलं होतं, आणि नाडकर्णींनी खरं ते सांगितलं. मी तुला लिहिलं होतं की कॅप्टननी विमान थांबवलं. तसं नव्हतं. त्यांचा काटा बरोबर होता, ते म्हणाले "जाऊ दे, चल," आणि मी त्यांच्या हातावर हात टाकून इंजिनांचे दांडे मागे ओढले. कॅप्टनच्या हातातून विमान काढून घेणं ही आमच्यात साधी गोष्ट नाही, म्हणून मी गप्प होतो. त्यांचा मान राहावा म्हणून तुझ्याशीही गप्प राहिलो. त्यांनी मात्र स्वतः फोनवर सांगितलं की थांबवलं त्यानं आणि त्याचं बरोबर होतं. हा माणूस माझ्याशी चौकशीत एक शब्द बोलला नव्हता.

आता कुणाचा गुलाल नाही, कौल नाही, चौकशी नाही. सगळे बाजूला झालेत आणि मी एकटाच उरलोय. पाचावर धारण बसलीय म्हटलं तरी चालेल.

मी जातोय.

आप्पांना संध्याकाळी सांगितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. म्हटलं, "आप्पा, तुमचा कौल डावा पडला होता." ते म्हणाले, "देवाला म्या इचारलं हुतं. तू न्हाई." मग विचारलं, "किती मानसं बसत्याती त्यात?" मी सांगितलं. त्यांनी आईला हाक मारून तो आकडा सांगितला, आणि ती म्हणाली, "आगं बया, आख्खा वाडीवस्तीचा गाव की!"

तुझ्यासाठी जात नाही आणि तुझ्यावर रागावूनही जात नाही. मला हवंय म्हणून जातोय. याची किंमत काय पडेल ते मला दिसतं. रेश्मा आता सातची आहे. दोन वर्षांचा करार संपेल तेव्हा ती मला 'तुम्ही' म्हणायला लागलेली असेल. तू माझ्याविना घर चालवायला शिकशील, बहुधा शिकलीही आहेस. हे सगळं समोर ठेवूनही मी जातोय.

लग्नाला नऊ वर्षं झाली. पुण्याला जायचं ठरलं तेव्हा मी तुला सांगितलं होतं, विचारलं नव्हतं. बदली झाली तेव्हाही नुसतं सांगितलं. आज विचारतो. तू आणि रेश्मा माझ्याबरोबर याल का? नाही म्हणालीस तरी मी जाणार, म्हणून हा धाक नाही. फक्त विचारतोय.

कृष्णात

—

सांगली
शुक्रवार, १ मार्च १९९६

ती. स्व. कृष्णात यांस,

तुमची सगळी पत्रं मी उघडली. आधीचीही. पहिलं पत्र कंडक्टरनं शाळेच्या गेटवर दिलं. सहावी ब चा तास होता. पत्र वाचून मी वर्गात गेले आणि फळ्यावर अपूर्णांक मांडायला लागले, तर खडू हातातून गळाला. मुली उचलायला धावल्या. त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही दारात उभे राहाल असं वाटत होतं. तुम्ही पत्रंच पाठवत राहिलात. असो.

शेवटचं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं आणि तिथंच फरशीवर बसले. आईनं विचारलं, "काय गं, कुणाचं बरंवाईट?" मी म्हटलं, नाही, जावयांनी प्रश्न विचारलाय.

उत्तर नाही असं आहे. मी येणार नाही.

आमच्या संस्थेची तासगावला मुलींची नवी शाळा जूनपासून सुरू होत आहे. तिची मुख्याध्यापिका म्हणून जानेवारीत त्यांनी मला विचारलं, आणि मी हो म्हणाले. तुम्हाला विचारलं नाही, कळवलंही नाही. विमान तुम्ही थांबवलंत आणि मला ते सांगितलं नाहीत, हे वाचल्यावर मला आधी धडकी भरली आणि मग वाटलं, आपण दोघंही गप्पच राहून गेलो.

तुम्ही जा. मन लावून जा, मागं बघत जाऊ नका, विमान चालवणाऱ्याला ते परवडत नाही. सिद्धूचं तुम्ही केलंत ते आप्पांमुळे केलंत असं लिहिलंत. पण कोरा कागद तुम्ही मागितलात, तो आप्पांनी दिला नव्हता. मला त्याचं बरं वाटलं, म्हणून सांगते.

मे महिन्यात रेश्माची आणि माझी सुट्टी एकदमच आहे. आम्ही तिकडे येऊ, पाहुण्या म्हणून. जाण्याआधी सांगलीला या आणि रेश्माला तुम्हीच समोर बसवून सांगा. मी सांगणार नाही. जेवायला काय करायचं तेही कळवा. माझ्या घरच्यांनी काही विचारलं तर मी उत्तर देईन, तुम्ही बावरू नका.

एक गोष्ट लिहावी की नको, म्हणून हे पत्र सकाळपासून टेबलावर तसंच पडून होतं. डिसेंबरात हा प्रश्न विचारला असतात, तर मी आले असते.

आता लिहिलं.

विजयमाला